तिसरी घंटा : हिरो नाही, तरी पन्नास वर्षं कामात

प्रश्न : काका, आम्ही सगळे मिळून 'दशावतार' सिनेमा बघायला गेलो होतो. आई म्हणाली हा आपला चिमणराव, मुलगा म्हणाला तात्या विंचू आणि बायको म्हणते अहो ते गांधीजी! तिघं एकाच माणसाबद्दल बोलतायत हे कळेपर्यंत इंटरव्हल झाला. दिलीप प्रभावळकरांना चरित्र अभिनेता म्हणायचं का? आणि हिरो न होता माणूस एवढा टिकतो कसा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या घरातलं भांडण बरंच जुनं आहे हो, आमच्याकडे पण झालंय, फक्त आमच्या सौ. 'आबा टिपरे' म्हणून अडून बसल्या होत्या.

आईंचं आधी घेऊ. चिमणराव म्हणजे सत्तरच्या दशकातलं मुंबई दूरदर्शन, चाळीत एखाद्याच्याच घरी टीव्ही आणि अख्खा मजला त्या एका खोलीत कोंबलेला, बाळ कर्वे गुंड्याभाऊ आणि प्रभावळकर चिमणराव. मग 'हसवाफसवी', एकाच नाटकात सहा भूमिका. 'झपाटलेला' १९९३चा, त्यात तात्या विंचू माणूस म्हणून पडद्यावर थोडाच वेळ आहे, पुढे सगळा बाहुला, तरी पोरं अजून त्याच्या नावानं घाबरतात. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आजोबा केले तेव्हा वय साधारण सत्तावन्न, म्हणजे खऱ्या आयुष्यात लोक रिटायरमेंटचे फॉर्म भरतात ते वय. आणि २००६ला 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी, त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना त्यासाठी आणि 'शेवरी'साठी मिळालं.

आता हिरो नाही म्हणताय ते मला तितकंसं पटत नाही. 'चौकट राजा'मधला नंदू कोण होता मग? अख्खा सिनेमा त्याच्यावर आहे. आणि तुम्ही बघून आलात तो 'दशावतार' तर जन्म १९४४चा असलेल्या माणसानं ८१व्या वर्षी खांद्यावर घेतलाय, या वयात आम्हाला गणपतीची आरास पण झेपणार नाही. चरित्र अभिनेता हा शब्द छापायला बरा, सेटवर सगळे आपले कॅरेक्टर आर्टिस्टच म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याचा अर्थ लोक 'हिरोचा बाप' एवढाच घेतात ते मात्र चुकीचं.

टिकतात कसे, तर लोक म्हणतात व्हर्सटाइल आहेत म्हणून. मला विचाराल तर ते अर्धंच खरं, खरी गोष्ट मापाची आहे, कुठे किती करायचं ते कळणं. मी काही वर्षं मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटीची वही (कुठल्या शॉटला कोणी काय केलं त्याची नोंद) सांभाळायचो, तेव्हाचं एक सांगतो. ठाण्याला घोडबंदरला सेट होता, जेवणाचा सीन, ताटात पिठलं-भाकरी. एक नवा मुलगा, गुणी होता, पण मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सबंध सीन लांबून सलग घेतात त्यात, मनापासून जेवला. आता मास्टरमध्ये ज्या शब्दावर घास घेतला त्याच शब्दावर क्लोजमध्येही (जवळून चेहऱ्याचा शॉट) घ्यावा लागतो, नाहीतर एडिटला जुळत नाही. चौथ्या टेकला त्याचं पोट भरलं, पाचव्याला घास गिळेना आणि मग डायलॉग पण अडकायला लागला. समोर एक ज्येष्ठ नट बसलेले (नाव नाही घेत, त्यांना आवडायचं नाही). त्यांनी भाकरीचा एकच तुकडा मोडला, पिठल्यात टेकवला आणि सबंध सीन तो हातात धरून ठेवला, तोंडापर्यंत न्यायचा, कोणी काही बोललं की खाली आणायचा. वाक्य संपल्यावर एकदाच खाल्ला. बघणाऱ्याला वाटतं बाप जेवता जेवता काळजीत पडलाय, आणि माझ्या वहीत लिहायचं काय, तर 'एक घास, शेवटी'. बस.

त्याच आठवड्यात दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात याच ज्येष्ठ नटांचा प्रयोग बघितला. तिथे ताट रिकामं! पण हे असे कालवून कालवून जेवले की बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसून मला भूक लागली, इंटरव्हलला दोन बटाटेवडे खाल्ले. माणूस तोच, पण एका ठिकाणी अन्न होतं आणि खाल्लं नाही, दुसरीकडे नव्हतं आणि पोटभर जेवला. हे नाटकातून मालिकेत, मालिकेतून सिनेमात असं सारखं ये-जा करूनच अंगात येतं असं माझं मत आहे. एकाच जागी राहिलेला नट मला दुसरीकडे गेल्यावर एकतर ओरडताना दिसतो नाहीतर ऐकूच येत नाही.

प्रश्न : दादा, माझा भाचा बँकेत आहे, स्पर्धेत बक्षिसं मिळवतो, आता नोकरी सोडून अभिनयच करणार म्हणतो. बहीण रडून अर्धी झालीय. पोट भरतं का हो यात?
– एक मावशी, गिरगाव

उत्तर : ताई, बहिणीला सांगा, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पूर्णवेळ नाटकात आले १९६९ला, वय चाळिशीच्या पुढे, आणि दुसऱ्याच वर्षी 'नटसम्राट'. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. निळू फुले तर पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात माळीकाम करायचे. म्हणजे नोकरी होती म्हणून यांच्यातला नट काही मेला नाही.

पैशाचं म्हणाल तर नाटकाला नाईट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. मालिकेत पर डे, तो बरा असतो, पण चेक बहुतेकदा ९० दिवसांनी, तोवर घराचा हप्ता थांबत नाही. आणि धावपळ! मढला सकाळची शिफ्ट, चारचा प्रयोग दादरला, मार्व्याचा रस्ता जाम, मग लोक मेकअप न पुसता मढ जेट्टीवरून बोटीनं वर्सोव्याला, तिथून रिक्षा, अंधेरीहून लोकल. भाच्याला म्हणावं आधी बिनपगारी रजा टाक आणि सहा महिने हे करून बघ. राजीनामा काय, एक कागद आहे, कधीही लिहिता येतो.

प्रश्न : मालिकेतले बाबा मधेच गावाला का जातात?
– एक आजी, विलेपार्ले

उत्तर : आजी, बाबांचा दौरा असतो हो! नाटक नागपूरला, डेट्स जमत नाहीत, मग लेखक त्यांना गावच्या जमिनीच्या कामाला लावतो आणि सून अधूनमधून फोनवर 'हो बाबा, हो बाबा' करते. आमच्या एका मालिकेतले बाबा असेच गेले ते दोन महिन्यांनी आले, सिनेमासाठी छातीपर्यंत दाढी वाढवून, आणि ती काढायची परवानगी नव्हती. रात्री अकराला लेखकाला फोन गेला, सकाळी सीन आला : सून म्हणते, "बाबा, हे काय?" आणि बाबा म्हणतात, "नवस बोललोय." कसला ते शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही.