लॅपटॉपची रॅम घरी वाढवता येते का?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे, ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की अडकतोच. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. घरी रॅम टाकता येईल का?

उत्तर: नवीन घ्यायची घाई अजिबात करू नका हो! विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडलं की किती स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या जागा, वापरात आहेत ते दिसतं, पण बऱ्याच पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली असते, ती काढता येत नाही, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर आधी खात्री करा. रॅमचे डीडीआर३, डीडीआर४ असे प्रकार असतात, डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसतच नाही, पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, आणि डेस्कटॉपची लांब पट्टी लॅपटॉपला चालत नाही. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून काही उपयोग नाही, ६४ बिट लागेल.

बसवताना चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा, मग पट्टी तिरकी स्लॉटमध्ये सरकवून खाली दाबा, दोन्ही क्लिपांचा टक आवाज यायला हवा. चालू झाला नाही तर बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते, काढून परत लावा.