हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात गेन आणि बाकू ही कार्डं स्टँडर्डमधून (फक्त अलीकडची कार्डं चालणारा प्रकार) वर्षभर आधीच का काढली? नुसती नर्फ, म्हणजे कमजोर, करून भागलं नसतं का?

नसतं. या दोन्ही कार्डांचा परिणाम खेळ सुरू होतानाच लागतो, कार्ड हातात यावंच लागत नाही. डेकमध्ये (खेळाडूच्या पत्त्यांच्या संचात) सगळी सम किमतीची कार्डं असली की गेनमुळे हिरो पॉवर, म्हणजे हिरोची दर टर्नला वापरता येणारी खास ताकद, १ मॅनाला मिळते (मॅना म्हणजे कार्ड खेळायची किंमत). सगळी विषम असली की बाकूमुळे ती पहिल्यापासून अपग्रेड होते. त्यामुळे बाकूचे ९ मॅना वाढवून काय साधणार? १० केले तर कार्ड स्वतःच सम होऊन आपली अट मोडतं.

म्हणून आधी आजूबाजूची कार्डं बदलली. डिसेंबर २०१८ मध्ये 'लेव्हल अप!' ५ वरून ६ वर गेलं आणि विषम पॅलाडिनमधून (पॅलाडिन या हिरोच्या बाकूवाल्या डेकमधून) बाद झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'फ्लेमटंग टोटेम' २ वरून ३ वर गेलं आणि तसंच सम शमनमधून (शमन या हिरोच्या गेनवाल्या डेकमधून) बाद झालं. पण त्याची झळ ही कार्डं साध्या डेकमध्ये वापरणाऱ्यांनाही बसली, आणि मूळ दुखणं तसंच राहिलं: दर वेळी तीच हिरो पॉवर, तेच पहिले चार टर्न. माझ्या मते खरा कंटाळा ताकदीचा नव्हता, या तोचतोचपणाचा होता.

एप्रिल २०१९ मध्ये गेन आणि बाकू दोन्ही हॉल ऑफ फेममध्ये (स्टँडर्डमधून काढलेल्या कार्डांच्या गटात) गेली. कार्ड वाइल्डमध्ये (जुनी कार्डंही चालणारा प्रकार) चालू राहिलं, वर पूर्ण डस्ट (नवी कार्डं बनवायला लागणारं खेळातलं चलन) मिळाली: साध्या लेजेंडरीला (सर्वात दुर्मिळ दर्जाच्या कार्डाला) १६००, तिच्या चमकत्या गोल्डन प्रतीला ३२००. साधी आणि गोल्डन अशा दोन्ही प्रती असतील तर भरपाई फक्त गोल्डनची, कारण लेजेंडरी डेकमध्ये एकच बसते.