लेकीला डिव्हिनिटी स्कूलला जायचंय

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी बायोलॉजीची पदवीधर आहे. मेडिकलची तयारी सोडून आता एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी) करून हॉस्पिटलात चॅपलिन, म्हणजे रुग्णांना आणि नातेवाइकांना आध्यात्मिक आधार देणारी धर्मसेवक, व्हायचं म्हणते. आम्ही हिंदू. यात पोट भरतं का?

उत्तर: ताई, भरतं. पण डॉक्टरच्या पगाराशी तुलना करत बसाल तर रोज जीव जळेल. अमेरिकेत धर्मसेवेतल्या लोकांची मध्यम वार्षिक कमाई ५५ ते ६० हजार डॉलरच्या आसपास आहे. छोट्या चर्चमधले कितीतरी पाद्री दुसरी नोकरी करून घर चालवतात. मोठ्या हॉस्पिटलातल्या चॅपलिनला निदान आरोग्यविमा आणि निवृत्तीची सोय मिळते.

मला पगारापेक्षा कर्जाची काळजी वाटते. एम.डिव्ह. साधारण तीन वर्षांचं. एवढ्या पगारावर लाखभर डॉलरचं कर्ज फेडणं मुश्किल आहे, त्यामुळे कॉलेजचं नाव नंतर, आधी शिष्यवृत्तीचं पत्र बघा. येल डिव्हिनिटी स्कूल २०२२ पासून गरजू विद्यार्थ्यांची पूर्ण फी भरतं; राहण्याखाण्याचा खर्च मात्र उरतोच. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज घेतलंच, तर ना-नफा हॉस्पिटलात पूर्णवेळ नोकरी करून नियमाप्रमाणे १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ होऊ शकतं.

आता खरी अडचण, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. नुसती पदवी पुरत नाही. चॅपलिनना प्रमाणित करणाऱ्या बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर हॉस्पिटलात प्रत्यक्ष शिकण्याचे, म्हणजे सीपीईचे, चार टप्पे करावे लागतात. शिवाय आपल्या धर्मसमुदायाचं शिफारसपत्र लागतं. मेथडिस्ट किंवा कॅथलिक मुलीला ते कुठून आणायचं हे ठाऊक असतं. आपल्याकडे दीक्षा देणारी एक संस्था नाही, मग सही कोण करणार? वाट आहे, नाही असं नाही. प्रतिमा धर्म २०११ मध्ये अमेरिकन लष्कराच्या पहिल्या हिंदू चॅपलिन झाल्या, तेव्हा चिन्मय मिशन वेस्ट या हिंदू संस्थेने त्यांना पाठिंबा दिला होता. प्रिन्स्टन, जॉर्जटाउनसारख्या विद्यापीठांतही हिंदू चॅपलिन नेमले गेले आहेत. पण अशा जागा मोजक्याच. म्हणून प्रवेशअर्ज भरायच्या आधी लेकीने संस्थांना पत्रं लिहावीत. तीन वर्षांनी नव्हे, आत्ता.

करांचं थोडक्यात सांगते. दीक्षित धर्मसेवकाच्या घरभत्त्यावर ठरावीक मर्यादेत फेडरल आयकर लागत नाही, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे १५.३ टक्के बहुधा स्वतःच भरावे लागतात, घरभत्त्यावरसुद्धा. हे जाणणारा अकाउंटंट गाठा. नेहमीच्या माणसाला बऱ्याचदा हे माहीत नसतं.

आणि हे काम तिला झेपेल का, ते घरात वाद घालून कळणार नाही. सीपीईचा उन्हाळी वर्ग दहा-बारा आठवड्यांचा असतो. अतिदक्षता विभाग, रात्रीची ड्यूटी, मृत्यूनंतर नातेवाइकांशी बोलणं, सगळं त्यात येतं. काही ठिकाणी एम.डिव्ह. सुरू करण्याआधीही प्रवेश देतात. फी तुम्ही भरा, कर्ज नंतर काढू दे.