आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार भविष्य आधीच ठरलेलं असतं का?

नाही, निदान तेवढ्यावरून तसं सिद्ध होत नाही. पण शंका रास्त आहे.

ती येते 'आत्ता' या शब्दातून. सापेक्षतेत वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्यांचं दूरवरचं 'आत्ता' एकच नसतं. समजा तुम्ही माटुंगा रोडच्या फलाटावर उभे आहात आणि विरार फास्ट न थांबता ताशी ६० किमी वेगाने समोरून जातेय. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. गाडी नेमकी तिच्याच दिशेने जातेय असं धरू (विरारच्या पुढे जायला मिळालं तर!). तर दारात लटकलेल्या माणसाचं देवयानीवरचं 'आत्ता' तुमच्या 'आत्ता'पेक्षा जवळपास ५० दिवस पुढे असतं. म्हणजे तुमच्यासाठी तिथे जे अजून घडायचंय, ते त्याच्या हिशेबात घडून गेलंय. १९६०च्या दशकात रीटडाइक आणि पुटनम या विचारवंतांनी यावरूनच भविष्य आधीपासून अस्तित्वात असल्याचा युक्तिवाद केला.

गोची अशी की तो लटकलेला माणूस ते भविष्य बघू शकत नाही. तिथला प्रकाश इथे यायला २५ लाख वर्षं लागणार, तुम्हाला आणि त्यालाही. दूरचं 'आत्ता' हा घड्याळं जुळवण्याचा हिशेब आहे. ज्या घटना तुमच्या कृतीमुळे घडू शकतात, त्या मात्र प्रत्येकाच्या दृष्टीने तुमच्या नंतरच येतात.

शिवाय 'अस्तित्वात असणं' आणि 'ठरलेलं असणं' या वेगळ्या गोष्टी. उद्याचं पान अवकाश-काळाच्या (जागा आणि काळ एकत्र धरलेल्या) वहीत असलं, तरी आजच्या पानावरून ते ओळखता येईलच असं नाही. पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणूंच्या पातळीवरचं भौतिकशास्त्र) प्रचलित मांडणीत तर नाहीच येत. वही आधीच पूर्ण लिहिलेली आहे, हे मला तत्त्वज्ञान वाटतं, भौतिकशास्त्र नव्हे.