सॉफ्टवेअर टीमच्या स्प्रिंटची (काही आठवड्यांच्या ठरावीक टप्प्याची) व्हेलॉसिटी, म्हणजे त्या टप्प्यात पूर्ण झालेल्या कामाचे पॉइंट, दर वेळी वाढलीच पाहिजे का? टेस्टिंग बाकी असलेल्या स्टोरीचे (कामाच्या एका तुकड्याचे) पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज, धरायचे का?

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

तुमचे मॅनेजर दर स्प्रिंटला १० टक्के वाढ मागतात, असं तुम्ही लिहिलंय. ती त्यांना मिळेल. काल ३ पॉइंटची असलेली स्टोरी पुढच्या प्लॅनिंगला ५ ची होईल, ५ ची ८ ची होईल आणि काम तेवढंच राहून आकडा फुगेल. कुणी ठरवून लबाडी करणार नाही. प्लॅनिंग पोकरला (टीम पत्ते दाखवून स्टोरीचे पॉइंट ठरवते तेव्हा) पत्ता उचलताना हात आपोआप मोठ्या आकड्याकडे जातो, एवढंच.

मी टेस्टर आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या गावात राहून पुण्याच्या टीमसोबत काम करते (लाइट नेमकी रोजच्या स्टँडअप मीटिंगच्या वेळेलाच जाते, तो वेगळा विषय). खरं तर तुमचा दुसरा प्रश्न वाचून लिहायला बसले, कारण त्यावरूनच माझं आमच्या तेव्हाच्या लीडशी चांगलं वाजलं होतं.

काम होतं एका जिनिंग-प्रेसिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याचं. कापसाची गाडी गेटवर आल्यापासून कास्तकाराच्या हातात पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) पडेपर्यंतचा हिशेब. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, कपात, चुकारा (द्यायची रक्कम). ज्याने कापूस विकलेला नाही त्याला ओलावा किरकोळ वाटतो. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे टक्क्यामागे टक्का कपात होते आणि १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. खासगी जिनिंगवाला आपलं कोष्टक लावतो, पण लावतोच. ओलाव्याचा आकडा पट्टीवर उतरला नाही तर ती पट्टी कुणाच्याच कामाची नाही.

आता आमच्या लीडने कामाची वाटणी कशी केली बघा. एकाकडे सगळ्या स्क्रीन, दुसऱ्याकडे डेटाबेस, तिसऱ्याकडे रिपोर्ट. ज्याची त्याची स्टोरी 'डेव्ह डन' झाली, म्हणजे कोड लिहून झाला, की पॉइंट जमा. कामाच्या बोर्डवर टेस्टिंगचा कॉलम वेगळा, तो माझा, आणि त्यात कार्डं साचत चाललेली. बर्नडाउनची (उरलेलं काम दाखवणाऱ्या चार्टची) रेघ मात्र इतकी देखणी उतरायची, की ग्राहकाच्या प्रेझेंटेशनमध्ये पहिली स्लाइड तिचीच. मी म्हटलं, हे पॉइंट धरू नका. उत्तर आलं की टेस्टिंगमुळेच टीमची व्हेलॉसिटी पडते, आणि गावाकडून काम केलं की असंच व्हायचं. पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं. दुसरं नाही.

दिवाळीच्या तोंडावर आवक सुरू झाली. जिनिंग घरापासून जवळ, म्हणून पहिल्या दिवशी मलाच पाठवलं. काट्यापुढे गाड्यांची रांग, मुनीमजी कॉम्प्युटरपुढे. वजन आलं, ओलावा भरला, सेव्ह झालं. पट्टी छापली तर कपातीचा रकाना कोरा आणि चुकारा पूर्ण भावाने! स्क्रीन बरोबर होती, टेबल बरोबर होतं, रिपोर्टही आपल्या जागी बरोबर होता. या तिघांना जोडायचं काम कुणाच्याच स्टोरीत नव्हतं. मुनीमजी म्हणाले, "ताई, हे पट्टी देली तं मालक मले घरी पाठवते, अन् नाही देली तं कास्तकार सोडत नाही. म्या करू काय?" मग त्यांनी ड्रॉवरमधून पावतीबुक काढलं, कार्बन घातला आणि हाताने लिहायला लागले. त्या दिवशी चार्टवर प्रोजेक्ट ८० टक्क्यांच्या पुढे होता.

यात माझं खासगी मत काही नाही. अजाइलचा, म्हणजे लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीचा, जाहीरनामा २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी मिळून केला. त्याच्या तत्त्वांत चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप म्हटलंय. स्प्रिंटने काम करायच्या पद्धतीला स्क्रम म्हणतात; तिच्या २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये व्हेलॉसिटी आणि स्टोरी पॉइंट शोधून दाखवा, सापडणार नाहीत. सापडेल ते हे: 'डेफिनिशन ऑफ डन' (काम पूर्ण कधी म्हणायचं याची ठरलेली व्याख्या) पूर्ण न करणारं काम स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूत दाखवायचंसुद्धा नाही, ते परत प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, जातं. मी लीडला ते पान उघडून दाखवलं होतं. "थिअरी वेगळी असते," म्हणे. त्या १७ जणांतल्या रॉन जेफ्रीजनेच पुढे लिहून ठेवलं, की स्टोरी पॉइंट कदाचित मीच काढले, आणि तसं असेल तर आता मला त्याचं वाईट वाटतं. त्यालाही थिअरीच म्हणायचं का?

त्या दिवसानंतर जिनिंगच्या मालकाने स्लाइड पाहायचं बंद केलं. त्याचा एकच प्रश्न असायचा, "आज कोणती पट्टी निघते?" मग झक मारत कामाची वाटणी बदलली. आधी एक गाडी, एक भाव, ओलावा ८ च्या आत, गेटपासून पट्टीपर्यंत. ते चाललं की ओलाव्याची कपात. मग कास्तकाराने आधी घेतलेली उचल वळती करणं. प्रत्येक तुकडा लहान, पण काट्यावर वापरता येणारा. तुम्हीही स्टोरी अशाच पाडा.

व्हेलॉसिटी फेकून द्या असं म्हणत नाही. ती अंदाजासाठी आहे. मागच्या तीन स्प्रिंटला १८, २६, २२ पॉइंट झाले आणि १२० उरलेत, तर पाच ते सात स्प्रिंट लागतील असं सांगा. 'साडेपाच' सांगू नका, ती तारीख तुमच्या गळ्यात पडेल. ग्राहक मधेच काम वाढवत असेल तर बर्नडाउनऐवजी बर्नअप (झालेलं काम दाखवणारा चार्ट) ठेवा, त्यात वाढलेलं काम वेगळ्या रेघेवर दिसतं. पॉइंट की तास, यावर भांडत बसू नका, काहीही चालतं.

टीम नवीन असेल तर सुरुवातीच्या स्प्रिंटचे आकडे धरूच नका. टेंडरचं, ठरलेल्या रकमेचं काम असेल तर माझं अर्धं उत्तर लागू होणार नाही, तिथे बिलाचे टप्पे करारातच ठरलेले असतात.

आणि टेस्टिंगच्या कॉलमला मर्यादा घाला. समजा तीन कार्डं. तेवढी साचली की डेव्हलपरने नवीन कार्ड उचलायचं नाही, टेस्टरच्या शेजारी बसून तीच निपटायची. शेजारी म्हणजे व्हिडिओ कॉलवरसुद्धा चालतं. टेस्टर गावात असली तरी.