‘जा, इथे काय ठेवलंय?’

“मॅडम, गेले तरी चूक, राहिले तरी चूक. आता तुम्हीच सांगा.”

हे वाक्य गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसेपर्यंतच मला ते ऐकू यायला लागतं. इंजिनिअर, नर्स, प्राध्यापक, लेखापाल. बहुतेक पंचविशी ते चाळिशीतले. ज्या भागात शिकले, कामाला लागले, तो भाग हळूहळू मागे पडत चाललेला. मोठा कारखाना बंद, त्याच्या जिवावर चालणारे छोटे उद्योग आचके देतायत, पगार दोन-दोन महिने लांबतात. बाहेरून चांगली नोकरी चालून आलेली असते आणि पाय निघत नसतो.

ही मंडळी धरसोडीची नसतात, हे आधी सांगते. कामावर दिवसाला पन्नास निर्णय घेणारी माणसं असतात. इथेच का अडतात, हे कळायला मलाही वेळ लागला. ज्या मुलीमुळे ते कळलं, तिची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ भेटी थोडक्यात आवरल्या आहेत.

ती एकतीस वर्षांची. धातुशास्त्रात एम.टेक., फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. विभागात नऊ जण होते, आता तीन उरले. दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं होतं आणि होकार कळवायची मुदत तिने दोनदा वाढवून घेतली होती. एकुलती एक. आई चार वर्षांपूर्वी गेली. वडील त्याच उद्योगातून निवृत्त झालेले.

“बाबा काय म्हणतात?”

“ते रोज म्हणतात, जा. इथे काय ठेवलंय?”

“मग अडतंय कुठे?”

“तेच कळत नाही ना!”

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. कागदावर मधोमध रेघ मारून दिली आणि म्हटलं, एका बाजूला जाण्याचे फायदे लिही, दुसऱ्या बाजूला राहण्याचे. मुलगी आकड्यांतली. तिने प्रत्येक मुद्द्याला गुण दिले, बेरीज केली. जाण्याला ७८, राहण्याला २२. आठवड्याने आली तर पत्राला उत्तर गेलेलंच नव्हतं. म्हणाली, “गणित बरोबर आलंय मॅडम. पण ते माझं उत्तर नाहीये.”

मला आवडलं ते. माझी रेघ तिने एका वाक्यात पुसली होती.

तिसऱ्या भेटीत ती ऑफिसातल्या निरोपसमारंभांबद्दल बोलली. सहा जण गेले, सहाही वेळा भाषण हिनेच केलं. “पेपरात येतं ना, सुशिक्षितांची गळती. आता पुढचा थेंब मी.” ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाला, तिथले शास्त्रज्ञ अमेरिकेची वाट धरत होते तेव्हा. अर्थतज्ज्ञांना तो सोयीचा असेल. माझ्या खोलीत मात्र तो फार त्रास देतो. त्या शब्दात प्रदेश म्हणजे फुटकी टाकी आणि माणूस म्हणजे वाया गेलेलं पाणी. पाण्याला काय वाटतं, हे विचारायची सोयच नाही.

मग मी तिला विचारलं, “बाबा ‘इथे काय ठेवलंय’ म्हणतात, तेव्हा तुला नेमकं काय ऐकू येतं?”

ती बराच वेळ पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

“मला ऐकू येतं, की छत्तीस वर्षं त्यांनी जिथे घालवली, ते सगळं काहीच नव्हतं. आणि मी पण त्या ‘इथे’मध्येच आले ना?”

इतके दिवस आम्ही दोघी पत्राकडे बघत होतो. गाठ त्या एका शब्दात होती.

माझा कल कुटुंबाकडे बघण्याचा आहे, हे कबूल करायला हवं. एका माणसाची गाठ सोडवताना तिचं दुसरं टोक घरात कुणाच्या हातात आहे, हे मी आधी शोधते. इव्हान बोसोर्मेनी-नॉज नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होऊन गेले. १९२० साली बुडापेस्टमध्ये जन्मले, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. म्हणजे स्वतः मूळ भूमी सोडलेला माणूस. ते म्हणत, प्रत्येक कुटुंबात एक न लिहिलेली खातेवही असते. कोणी कोणासाठी काय केलं, कोणाचं देणं फिटायचंय, याची नोंद सगळ्यांच्या मनात असते आणि उघडून वाचत कोणी नाही. हिच्या घरात वडील रोज सांगत होते, “तुझं काही देणं नाही, जा.” पण वहीच न उघडता दिलेली माफी हिला खरी वाटत नव्हती.

मी वडिलांना बोलावलं.

ते आले ते फाइल घेऊन. मुलीची प्रमाणपत्रं, नोकरीचं पत्र छापून, प्लास्टिकच्या पाकिटात. खुर्चीच्या कडेवर बसले. “हिला जरा समजवा. माझी काही अडचण नाही. मी ठणठणीत आहे. शेजारपाजार आहे, दवाखाना जवळ आहे. हिने माझ्यासाठी अडून राहू नये.”

“ती गेल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय कराल?”

“काय करणार? नेहमीचंच.”

“नेहमीचं म्हणजे काय?”

ते हसले. मग फाइलीचं बटण उघडलं, बंद केलं. लेकीची चेन आणि वडिलांचं बटण, सवय एकच. “हिची दुसरी पाळी असली की मी बाहेरचा दिवा लावून ठेवतो. ही आली, कडी लावली, की दिवा बंद करतो आणि झोपतो.” थांबले. “आता ही गेल्यावर तो दिवा बंद कधी करायचा, तेवढं मला कळत नाहीये.”

कोणीच काही बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाच्या तोंडाशी काहीतरी छान वाक्य येतं. ते गिळायला मला बावीस वर्षं लागली आणि त्या दिवशी मी ते गिळलं, याचं मला समाधान आहे.

“बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर तू गेली असतीस का?”

“न बोलून तरी कुठे गेले?”

यावर ते पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणाले, “मला जड जाईल. ते जाऊ दे. म्हणजे, जाऊ नको देऊ, लक्षात ठेव. पण तू जा.”

शब्द रोजचाच होता. पण यावेळी तिने तो घेतला. त्याच रात्री होकार कळवला.

त्यानंतर हे मी घरोघरच्या आईवडिलांना सांगत आले आहे. मुलांचे पाय हलके व्हावेत म्हणून तुम्ही आपल्या भागाला नावं ठेवता, स्वतःचं दुःख लपवता. आणि त्यानेच त्यांचे पाय जड होतात. दुःख लपवून दिलेली परवानगी मुलांना परवानगी वाटतच नाही, परीक्षा वाटते. “तू गेलास की मला करमणार नाही, आणि तरी तू जावंस असं मला वाटतं,” ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात. आधी आरशासमोर म्हणून बघा हवं तर. फक्त पहिल्यावरच थांबू नका, तो मग हट्ट होतो.

जाणाऱ्यांना वेगळं सांगते. प्रदेश मागे पडला तो बाजार सरकला म्हणून, यंत्रं बदलली म्हणून, गुंतवणूक आटली म्हणून. तुमच्या राजीनाम्याने कारखाना बंद पडत नाही आणि तुमच्या राहण्याने चालू होत नाही. ते ओझं तुमच्या खात्यात टाकू नका. पण “माझ्या जाण्याने कुणाचं काही बिघडत नाही” असंही म्हणू नका, कारण ते खोटं आहे. मागे उरलेल्या दोघांवर तिघांचं काम पडतं. ते देणं खरं आहे आणि फेडता येण्याजोगं आहे. या मुलीने नोटिशीच्या दोन महिन्यांत एक वही केली. सदोष कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे फोटो, शेजारी कारण. ब्लोहोल (वायू अडकून पडलेली पोकळी) कसा दिसतो, श्रिंकेज (धातू थिजताना आकसून आलेली खोट) कसं दिसतं, कुठल्या साच्यात काय वारंवार होतं. नव्या मुलाला शेजारी बसवून ती वाचून घेतली. निरोपाच्या भाषणापेक्षा हे बरं.

आईवडिलांच्या आजारपणाची भीती असेल तर “काही होत नाही हो” हे उत्तर नव्हे. रात्री फोन केला तर तासाभरात घरी कोण पोहोचेल, किल्ली कुणाकडे, औषधांची यादी कुठे, हे कागदावर लिहा. भीती कागदावर आली की तिचं रूपांतर कामात होतं. आणि निर्णय कायमचा समजू नका. रॅव्हेन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञांनी १८८५ साली स्थलांतराचे नियम मांडले, त्यात एक असा की माणसांचा प्रत्येक मोठा ओघ उलट दिशेचाही एक ओघ तयार करतो. लोक परततात. वर्षाने पुन्हा बसून बोलायची तारीख आत्ताच ठरवा.

तिकडे गेल्यावर पहिले काही महिने झोप उडेल, छातीत भरून येईल. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला घराच्या ओढीवर प्रबंध लिहिला. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द त्याने त्यासाठीच घडवला, रोगाचं नाव म्हणून. आज आपण त्याला रोग म्हणत नाही. ती ओढ म्हणजे निर्णय चुकल्याचा पुरावाही नाही. मात्र आठवडेच्या आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच गेलं, तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आणि सगळ्यांनी जावंच असं माझं म्हणणं नाही. आणखी एक जण आईसाठी थांबलोय म्हणत होता. घरात बोलणं झालं तेव्हा आई म्हणाली, माझं मी बघते, मला मध्ये घालू नकोस. त्याला कळलं की त्याला इथलं कामच आवडतं. तो राहिला, आणि आता आईचं नाव न घेता राहतो.

ती मुलगी गेली. तिने बाहेरच्या दिव्याला टायमर बसवून दिला होता. वडिलांनी आठवडाभरात काढून टाकला. हे मला त्यांनीच सांगितलं, कारण सात-आठ महिन्यांनी ते पुन्हा आले. स्वतःसाठी नाही. सोबत शेजारचे एक गृहस्थ होते, त्यांच्या मुलाला बाहेरची नोकरी लागत होती. दारातूनच मला म्हणाले, “मॅडम, यांच्याशी जरा बोला. हे पोराला रोज ‘जा, जा’ करतायत.”