जूनचा सगळा भार एकटीच्या डोक्यावर

'ताई, शाळा सुरू व्हायच्या आधीपासूनच माझी झोप उडाली आहे. धाकटा यंदा पहिलीत, तेही नव्या शाळेत. मोठी पाचवीत. फीचा हप्ता, दोघांचे गणवेश, वह्या-पुस्तकं, रेनकोट, व्हॅनचे पैसे, सगळं एकदम अंगावर आलं. यांची भोसरीत शिफ्ट ड्यूटी. ते म्हणतात, तू उगाच टेन्शन घेतेस. सासूबाई म्हणतात, आम्ही चार मुलं वाढवली, एवढा बाऊ नाही केला. मलाही नऊला कामावर निघायचं असतं. परवा धाकटा बूट घालताना रडायला लागला आणि मी त्याला फाडकन मारलं. दिवसभर डोळे भरून येत होते. मी आई म्हणून कमी पडतेय का?' – एक आई, पिंपरी

अगं, ताई म्हणालीस म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते.

नाही, तू कमी पडत नाहीयेस. मारलंस ते मात्र चुकलंच, आणि ते तुलाही कळतंय. म्हणून आज रात्री त्याला जवळ घे आणि सांग, 'मी तुला मारायला नको होतं. मी दमले होते.' एवढंच बोल. त्याला 'पण तूही किती रडतोस' ही शेपटी जोडू नकोस. सहा वर्षांच्या मुलाला आईनं मागितलेली माफी नीट कळते.

त्याचं रडणं म्हणजे तुझं अपयश नाही. नवी शाळा, नव्या बाई, ओळखीचा एकही चेहरा नाही; वर मे महिनाभर उशिरा झोपायची सवय आणि आता पहाटे उठायचं. झोपायची वेळ रोज पाव तासानं अलीकडे आण. बूट-मोजे, डबा, दप्तर रात्रीच दाराशी ठेवा. व्हॅनपाशी निरोप छोटा असू दे. आपण जितके रेंगाळतो तितकं त्यांना सुटणं जड जातं. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. महिना उलटला तरी रोज पोट दुखतंय, अंथरूण ओलं होतंय असं दिसलं, तर त्याच्या बाईंना भेट आणि डॉक्टरांनाही दाखव.

आता खरं बोलू या. तुझ्या पत्रात कामांची यादी आहे आणि प्रत्येक कामापुढे तू एकटीच उभी आहेस. नवरा टेन्शन घेऊ नको म्हणतो, कारण कुठल्या तारखेला काय भरायचं हे त्याला लक्षात ठेवावंच लागत नाही. ते तू ठेवतेस. दमवणारी गोष्ट हीच आहे, बाजारहाट नव्हे. म्हणून 'जरा हातभार लावा' असं म्हणू नकोस. त्यातून रोज आठवण करून देण्याचं आणखी एक काम तुझ्याच गळ्यात पडतं. अख्खी कामं दे. व्हॅन त्याची: काकांशी बोलणं, पैसे, गाडी चुकली तर पर्याय, सगळं. बूट आणि रेनकोटही त्याचे. माप चुकलं तर तोच परत जाऊन बदलून आणेल. तू मध्ये पडायचं नाहीस. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. पहिल्यांदा रेनकोट दोन दिवस उशिरा येईल, पोरं छत्रीत जातील, आणि तुझे हात शिवशिवतील. तरी थांब.

सासूबाईंचं बोलणं मनाला लागतं, पण चार मुलं वाढवलेल्या बाईच्या हाताला सवय असते. वह्यांना कव्हरं घालणं त्यांच्याकडे सोपव आणि मोठीला शेजारी बसव. पाचवीतली मुलगी स्वतःच्या वह्यांना लेबलं लावू शकते, बाटली भरू शकते.

पैशांचं ओझंही थोडं उतरवता येईल. वह्या, गणवेश, बूट अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. यादी घे आणि जिथे परवडेल तिथे जा. बालभारतीची पुस्तकं असतील तर वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुनी मिळतात का बघ. पण पहिलीचा अभ्यासक्रम 2025 पासून बदललाय, त्यामुळे धाकट्याला त्याआधीची जुनी पुस्तकं चालणार नाहीत. फी एकदम वाढली असेल तर विचार. 2011च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. त्या समितीत पालक असतात. तुमच्या शाळेतले कोण आहेत ते शोधून काढ. आणि धाकट्याची शाळा सकाळी सातला भरत असेल तर तेही पहिल्याच पालकसभेत काढ. 2024 मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 वाजता किंवा त्यानंतर भरवायला सांगितलंय. अडचणी सांगून काही शाळा सवलत घेतात, पण पालकांनी विचारलंच नाही तर वेळेचा विषय निघणारही नाही.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट कर. रात्री अकराला कुणाच्या मुलानं कुठला ऑलिम्पियाड लावला हे वाचून तुझ्या घरात काहीही चांगलं घडणार नाही. संध्याकाळी एकदा बघ, शाळेची सूचना असेल ती वाच, बस. क्लासचंही तसंच. पहिलीतल्या मुलाला यंदा एकही क्लास नको, हे माझं ठाम मत आहे.

तुझ्या झोपेची मात्र मला काळजी वाटते. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, सारखं रडू येत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नकोस. डॉक्टरांकडे जा. 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन मोफत लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

नवऱ्याशी बोलायला मात्र पहाटेची घाई निवडू नकोस. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यांनाही असेल तर त्या दुपारी, मुलं झोपल्यावर, कागद घेऊन बसा. जूनमध्ये तू केलेलं एकूण एक काम लिही, फोन करणं आणि तारखा लक्षात ठेवणं धरून. मग कागद त्यांच्यापुढे सरकव आणि यातली कुठली तुमची, ते त्यांनाच निवडू दे.